शाल कोणाच्या खांद्यावर?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. करोनाच्या २०२० ते २०२२ या सव्वादोन वर्षांत आपल्या गावच्या सरकारी रुग्णालयात नेमके काय सुधारले, आणि तेथे राबलेल्या माणसांचे आभार कसे मानावेत, असे वाचक विचारतात. म्हणून हा संपूर्ण अंक त्याच पत्रांना दिला आहे. खानदेशातील एका उपजिल्हा रुग्णालयातून मी सहायक अधिसेविका म्हणून निवृत्त झाले आणि निवृत्तीआधीची दीड वर्षे बहुतांशी करोना कक्षातच गेली, त्यामुळे या उत्तरांत तटस्थता शोधणाऱ्यांची थोडी निराशा होईल.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाने यंदा मिरवणुकीचा खर्च कमी करून ग्रामीण रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा सत्कार करायचे ठरवले आहे. शाल, श्रीफळ आणि मानपत्र अशी कल्पना असून वीस जणांपुरती रक्कम जमली आहे. कोणाला बोलवावे? आणि याच पैशांत याहून उपयोगी असे काही करता येईल का?
(मंडळाचे एक कार्यकर्ते, धुळे जिल्हा)

उत्तर : पहिल्या लाटेनंतर आमच्याकडेही असा एक समारंभ झाला होता. व्यासपीठावर नऊ जणांना शाली मिळाल्या आणि त्यांतील तिघे रुग्णालयाचे नव्हतेच. सकाळी खुर्च्या मांडायला आणि कार्यक्रम आटोपल्यावर नारळाच्या शेंड्या झाडायला आमचा कंत्राटी सफाई कामगार होता. त्याच माणसाने त्या पावसाळ्यात मृतदेह दुहेरी पिशवीत बांधण्याचे काम केले होते, कारण ते करायला दुसरे कोणी पुढे येत नव्हते. शाल मिळालेल्यांत मीही होते. ती शाल अजून घडी न मोडता कपाटात पडून आहे.

तेव्हा पहिली विनंती अशी, की नावे कोणाच्या ओळखीवरून ठरवू नका. वैद्यकीय अधीक्षकांना भेटून २०२० आणि २०२१ मधील ड्यूटी चार्ट पाहायला मागा. त्यात वैद्यकीय अधिकारी आणि अधिपरिचारिका तर असतीलच, परंतु प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, औषधनिर्माता, कक्षसेवक आणि आया मावशी हीसुद्धा त्याच कागदावर सापडतील. जे त्या कागदावर सापडणार नाहीत त्यांची चौकशी वेगळी करावी लागेल : १०८ रुग्णवाहिकेचे चालक, चादरी धुणारे, रुग्णांचे जेवण करणाऱ्या बाई, रात्रभर संगणकावर आकडे भरणारा कंत्राटी मुलगा, दरवाजावरचा सुरक्षारक्षक आणि घरोघर फिरलेल्या आशा सेविका. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयातही ही संख्या वीसच्या पुढे सहज जाते. वीसच शाली असतील तर शालींचा विचार सोडून द्यावा असे मी सुचवीन, कारण ज्याला ती मिळाली नाही त्याला तो कार्यक्रम मिळालेल्यापेक्षा अधिक काळ लक्षात राहतो.

मानपत्र मात्र जरूर द्या, पण सगळ्यांना एकच मजकूर छापून देऊ नका. ‘करोना योद्धा’ हे दोन शब्द आता इतके झिजले आहेत की ते वाचून कोणालाच काही वाटत नाही. त्याऐवजी त्या माणसाने काय केले ते एका वाक्यात लिहा. रात्री अडीच वाजता सिलिंडर बदलले, बाधित मातेच्या बाळाला सलग चार दिवस चमच्याने दूध पाजले, अहवाल वेळेवर पोहोचावेत म्हणून स्वतःच्या मोटारसायकलवर नमुने नेले, असे काही. ही माहिती गोळा करायला तुमच्या कार्यकर्त्यांना रुग्णालयात दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतील आणि माझ्या मते खरा सत्कार त्या फेऱ्यांतच होऊन जाईल. त्या पत्राची एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवा. कायम कर्मचाऱ्याला गोपनीय अहवालाच्या वेळी आणि कंत्राटी कर्मचाऱ्याला पुढच्या नोकरीच्या वेळी असा कागद उपयोगी पडू शकतो. मानपत्रावर नाइटिंगेलबाईंचे चित्र छापण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि तिला माझी हरकत नाही. परंतु १८९७ च्या प्लेगमध्ये पुत्र यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने १० मार्च रोजी ज्यांचा मृत्यू झाला, त्या सावित्रीबाईंचे चित्र आपल्या मंडळांना कसे सुचत नाही, याचे मला नवल वाटते.

रोख रक्कम किंवा महागडी भेटवस्तू कोणाच्याही हाती देऊ नये, कारण शासकीय कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांत भेटी आणि जाहीर सत्कार या दोहोंवर बंधने आहेत आणि अधीक्षकांची संमती आधी घेतलेली बरी. उरलेली रक्कम रुग्ण कल्याण समितीकडे रीतसर पावती घेऊन द्या आणि ती महिला कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलीसाठी वापरावी असे पत्रात स्पष्ट लिहा. आमच्याकडे त्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. पीपीई किट उतरवून कपडे बदलताना आम्ही दार गॉजच्या पट्टीने खिळ्याला बांधत असू. त्या कडीची मागणी दोनदा लेखी गेली होती. शेवटी एका सिस्टरच्या यजमानांनी घरून आणून ती बसवली.

प्रश्न : उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात मोठा गाजावाजा करून प्राणवायू निर्मिती प्रकल्प उभारला, परंतु गेले कित्येक महिने त्याला कुलूप आहे. जनतेचा पैसा वाया गेला असे समजावे काय?
(एक निवृत्त शिक्षक, जळगाव जिल्हा)

उत्तर : केवळ कुलूप पाहून तसे समजू नये, पण कुलपाच्या आत काय आहे हे विचारल्याशिवाय गप्पही बसू नये. गणिताचे शिक्षक असाल असे धरून आधी थोडा हिशेब मांडते.

ज्याला आम्ही जंबो म्हणतो त्या मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर वायू असतो. एका रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असतील तर तो ११ तास ४० मिनिटे पुरतो, आणि तोच रुग्ण मिनिटाला ६० लिटर ओढणाऱ्या यंत्रावर गेला की दोन तासही पुरत नाही. आता तीस खाटा आणि प्रत्येकाला १० लिटर असे धरा. दिवसाला बासष्टच्या आसपास सिलिंडर झाले, म्हणजे दर तासाला अडीचहून अधिक. प्रत्येक वेळी कोणीतरी रिकामा सिलिंडर सोडवायचा, भरलेला तिरका करून तळाच्या कडेवर गोल फिरवत आणायचा, पाना लावायचा, फुसकारा ऐकून वायसर बसला की नाही हे ताडायचे आणि काटा वर चढताना पाहायचा. आमचे कक्षसेवक भिंतीवर खडूने रेघा ओढत. पाच रेघांची एक जुडी झाली की मोबाइलवर कळवायचे, मग गाडी निघायची. २०२१ च्या एप्रिलमध्ये ती भिंत खांद्याच्या उंचीपर्यंत भरली होती आणि नंतर रंग देताना मला वाईट वाटले होते.

त्या महिन्यात प्रश्न पैशाचा नव्हता. राज्याची रोजची निर्मिती सुमारे १,२०० टन होती आणि महिन्याच्या मध्यापर्यंत ती सारीच रुग्णांसाठी लागू लागली. १९ एप्रिल रोजी कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन निघालेली रेल्वे विशाखापट्टणमला द्रवरूप प्राणवायू भरून २३ तारखेला नागपूरला आणि दुसऱ्या दिवशी नाशिकला पोहोचली, तेव्हा सात टँकरची बातमी आम्ही वॉर्डात एकमेकींना वाचून दाखवली होती. उणे १८३ अंश तापमानाचा हा द्रव एक लिटर असेल तर त्याचा वायू सुमारे ८६० लिटर होतो, म्हणून मोठ्या रुग्णालयाला टाकी परवडते. परंतु टाकी भरायला टँकर यावा लागतो, आणि टँकर रस्त्यात अडकला की टाकी हा केवळ एक उंच पांढरा खांब असतो.

तुमच्या आवारातील प्रकल्पाचे महत्त्व इथे आहे. तो बाहेरून काही मागवत नाही. आपल्याच आवारातील हवा दाबून जिओलाइटच्या खड्यांतून नेतो, ते खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा प्राणवायू नळीतून वॉर्डाकडे जातो. मिनिटाला ५०० लिटर क्षमतेचा प्रकल्प दहा-दहा लिटरवरील पन्नास रुग्ण सांभाळू शकतो. आमच्या शेजारच्या नंदुरबारने हे सर्वांच्या आधी ओळखले. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः वैद्यकीय शिक्षण घेतलेले, आणि त्यांच्या पुढाकाराने २०२० च्या सप्टेंबरमध्येच, म्हणजे दुसऱ्या लाटेच्या कितीतरी आधी, तेथे पहिला प्रकल्प उभा राहिला. विकासाच्या यादीत नेहमी तळाशी शोधावा लागणारा हा आदिवासी जिल्हा त्या एप्रिलमध्ये शेजारच्यांचे रुग्णही घेत होता. मला मात्र त्यांच्या यंत्रापेक्षा ‘ऑक्सिजन नर्स’ ही योजना अधिक आवडली. काही खाटांमागे एक परिचारिका केवळ याच कामाला नेमायची. तिने दर फेरीत बोटाला यंत्र लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहायचे आणि ते ९४-९५ वर स्थिर असेल तर दहाचा प्रवाह आठवर, आठचा सहावर आणायचा, जेवताना किंवा शौचाला जाताना मास्क काढून ठेवलेला असेल तर कळ बंद करायची. वाया जाणारा वायू वाचवणे ही नवीन निर्मितीच होती, आणि ती करायला लागले ते बोटांत पकडायचे एक यंत्र आणि एक दक्ष बाई.

आता तुमचे कुलूप. रुग्णालयात प्राणवायूवरचे रुग्ण थोडे असतील तर पाचशे लिटरचा प्रकल्प दिवसभर चालवणे विजेच्या दृष्टीने वेडेपणाचे ठरेल, आणि सिलिंडर भरायचे वेगळे उपकरण जोडलेले नसेल तर तयार झालेला वायू साठवताही येत नाही. परंतु हे यंत्र महिनोन् महिने बंद ठेवले तर जिओलाइटमध्ये ओल शिरते आणि ऐन वेळी शुद्धता मिळत नाही. म्हणून अधीक्षकांना पत्राने चार गोष्टी विचारा. प्रकल्प शेवटचा कधी चालवला आणि तेव्हा शुद्धता किती आली? तो चालवू शकणारी माणसे किती आणि रात्रपाळीला त्यांपैकी कोण असते? वीज गेल्यास जनित्र त्याचा भार पेलते काय? देखभालीचा करार कोणत्या तारखेला संपतो? उत्तरे मिळाली नाहीत तर माहितीच्या अधिकारात विचारा. ‘पैसा वाया गेला’ असे तुमच्यासारख्या माणसाने सभेत म्हटले की ऐकणाऱ्यांना बरे वाटते एवढेच. ‘चाचणीची तारीख सांगा’ असे म्हटले तर मात्र कोणाला तरी किल्ली शोधावी लागते.

प्रश्न : मी करोना केंद्रात चौदा महिने कंत्राटी अधिपरिचारिका होते. रुग्ण कमी झाल्यावर व्हॉट्सॲपवर एक यादी आली आणि उद्यापासून येऊ नये असे कळले. आमच्यावर फुले उधळली तेव्हाचा फोटो अजून मोबाइलमध्ये आहे. आता या अनुभवाचा काही उपयोग होईल का?
(एक परिचारिका, नाशिक जिल्हा)

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुमच्यासारख्या ज्या मुली माझ्या हाताखाली होत्या त्यांनाही असेच जावे लागले. त्यांच्यासाठी निरोपाचा चहा ठेवायलाही मला एक दिवस मिळाला नाही, हे इथे कबूल करते.

उपयोग होईल, पण कागद असतील तरच. ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने असे जाहीर केले, की करोनाच्या कामाचे शंभर दिवस पूर्ण करणाऱ्या वैद्यकीय मनुष्यबळाला पुढील नियमित शासकीय भरतीत प्राधान्य दिले जाईल आणि पंतप्रधानांच्या नावाने कोविड राष्ट्रीय सेवा सन्मानही देण्यात येईल. प्राधान्य म्हणजे नेमणूक नव्हे, आणि प्रत्येक जाहिरातीत त्याचा अर्थ वेगळा लावला जाऊ शकतो, म्हणून जाहिरात येईल तेव्हा ‘अनुभव’ आणि ‘अधिमान’ हे दोन परिच्छेद नीट वाचा. आजच करायचे काम असे, की नेमणुकीचा आदेश, प्रत्येक मुदतवाढीचा आदेश, हजेरीच्या प्रती आणि मानधन जमा झाल्याचे बँकेचे उतारे एका फाइलीत लावा आणि ज्या कार्यालयाने आदेश काढला होता त्याच कार्यालयाकडून, तारखांसह आणि कामाच्या स्वरूपासह, अनुभव प्रमाणपत्र घ्या. त्यावर केवळ ‘करोना काळात सेवा दिली’ असे मोघम लिहून दिले तर ते परत करा. अतिदक्षता कक्षात काम केले असेल तर तसे लिहून मागा. केंद्रे बंद झाली आहेत, अधिकारी बदलून जात आहेत आणि ज्याने तुम्हाला पाहिले तोच गेला की नवीन माणूस ‘नोंद पाहून सांगतो’ म्हणतो, म्हणून हे पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

मानधन थकले असेल तर एकटीने खेटे घालू नका. आशांकडे पाहा. २०२१ च्या जूनमध्ये राज्यातील सुमारे सत्तर हजार आशा आठवडाभर संपावर गेल्या, तेव्हा कोठे जुलैपासून दरमहा १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपयांचा करोना भत्ता पदरात पडला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांना सन्मान जाहीर केला, त्याचा मला मनापासून आनंद झाला. पण जिनिव्हाहून आलेला हा मान आणि तो पाचशेचा भत्ता यांतील अंतर ज्या बाईला रोज पायी कापावे लागते, तिला विचारले तर ती आधी भत्त्याचेच नाव घेईल.

फोटो मोबाइलमधून काढू नका. फुले तुमच्यावरच उधळली होती आणि ती कमावलेली होती.

प्रश्न : २२ मार्च २०२० रोजी आम्हीही गॅलरीत उभे राहून थाळी वाजवली. पुढे त्याची इतकी टिंगल झाली की आता लाज वाटते. रुग्णालयातील लोकांना तेव्हा खरोखर काय वाटले होते?
(एक गृहिणी, ठाणे)

उत्तर : बरे वाटले होते. मी त्या वेळी दुपारपाळीला होते, पाच वाजता बाहेरून आवाज सुरू झाला आणि आमच्या आया मावशी पदर डोळ्यांना लावून खिडकीत उभ्या राहिल्या. लाज तुम्ही कशाला बाळगायची? ज्यांनी संध्याकाळी थाळी वाजवली आणि आठवडाभरात त्याच हाताने सिस्टरला खोली रिकामी करायला सांगितले, त्यांची गोष्ट वेगळी. आमच्या दोन मुलींवर ती वेळ आली आणि त्या महिनाभर रुग्णालयाच्या सभागृहात गाद्या टाकून राहिल्या. अशा छळाला आणि मारहाणीला आळा बसावा म्हणून २२ एप्रिल २०२० रोजी १८९७ च्याच साथरोग कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती करावी लागली, तिच्यात आरोग्य कर्मचाऱ्यावरील हल्ल्यासाठी तीन महिने ते पाच वर्षे आणि गंभीर दुखापतीसाठी सात वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. तुम्ही कोणाला घराबाहेर काढले नसेल तर थाळीचा विषय सोडून द्या.

प्रश्न : दुसऱ्या लाटेत माझे वडील सरकारी रुग्णालयात वारले. आदल्या रात्री एका सिस्टरने आपल्या फोनवरून आमचे बोलणे करून दिले आणि बोलणे संपेपर्यंत फोन हातात धरून उभ्या राहिल्या. चेहरा पूर्ण झाकलेला होता. त्यांचे नाव मला माहीत नाही. आता शोधता येईल का, आणि शोधावे का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : शोधता येईल, आणि जरूर शोधा.

वडिलांचा आंतररुग्ण केसपेपर रुग्णालयाच्या अभिलेख कक्षात असेल. वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार असे कागद उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे जपून ठेवायचे असतात आणि रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास ७२ तासांत द्यायचे असतात. मृत्यूचा दाखला आणि आपली ओळख दाखवणारा कागद जोडून अर्ज करा. केसपेपरमध्ये औषधे दिल्याच्या तक्त्यावर प्रत्येक पाळीच्या परिचारिकेची सही असते. आमच्या सह्या वाचता येत नाहीत हे खरे, पण त्या पाळीचा ड्यूटी चार्ट समोर ठेवला की परिसेविका बाई, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख सिस्टर, एका नजरेत सांगतील. रात्रपाळी रात्री आठ ते सकाळी आठ अशी असते, म्हणून तारीख धरताना घोटाळा होऊ देऊ नका. बोलणे रात्री बारानंतर झाले असेल तरी पाळी आदल्या तारखेच्या नावावर सापडेल. किटच्या छातीवर आणि पाठीवर आम्ही मार्करने नावे लिहीत असू, कारण किट चढवल्यावर आम्हीसुद्धा एकमेकींना ओळखत नसू. तुम्ही त्या बोलण्याचा स्क्रीनशॉट ठेवला असेल तर तो मोठा करून पाहा, एखादे अक्षर दिसून जाईल.

नाव कळले तरी थेट घरी किंवा फोनवर गाठू नका. पत्र लिहून परिसेविकेच्या हाती द्या आणि भेटायचे की नाही ते त्या सिस्टरवर सोडा. त्या वर्षात एकेकीने इतक्यांचे शेवटचे बोलणे करून दिले आहे, की कोणाला त्या रात्री पुन्हा आठवायच्या नसतील. शिवाय तिला तुमचे वडील नीट आठवतीलच असेही नाही, आणि तसे झाले तर वाईट वाटून घेऊ नका. म्हणून पत्रात वडिलांविषयी थोडे लिहा. ते काय काम करत, तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारत, त्या रात्री काय बोलले. आम्हाला रुग्ण खाट क्रमांकाने माहीत असत आणि त्यांतले बहुतेक मास्कमुळे बोलतही नसत. आम्ही ज्यांना सांभाळले ते घरात कसे होते, हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही.

प्रश्न : आमच्या ग्रामीण रुग्णालयाला रंग दिला, नवे फलक लागले, लोकप्रतिनिधी ‘कायापालट झाला’ असे सांगतात. सामान्य माणसाने प्रगती कशावरून ओळखावी?
(एक पंचायत समिती सदस्य, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : प्रगती झालीच नाही असे म्हणणारे त्या वेळी इथे नव्हते. २०२० च्या मार्चच्या सुरुवातीला राज्यात करोनाची तपासणी पुणे, मुंबई आणि नागपूर येथेच होत असे. आमचा नमुना बर्फाच्या डब्यातून शेकडो किलोमीटर जायचा आणि अहवाल येईपर्यंत रुग्ण एक तर बरा झालेला असायचा किंवा नसायचा. पुढे धुळ्यालाच सोय झाली. खाटेशेजारी नळीतून येणारा प्राणवायू, बोटाचे यंत्र वापरता येणारी प्रत्येक आशा आणि व्हेंटिलेटरला न घाबरणाऱ्या तरुण परिचारिका या तिन्ही गोष्टी आमच्या भागात आधी अपवादानेच दिसत. यांतील तिसरी सर्वांत महागाची, आणि आपण कंत्राट संपवून नेमकी तीच घरी पाठवली.

रंग पाहायला हरकत नाही, पण त्यानंतर आस्थापना शाखेत जाऊन मंजूर पदे किती आणि भरलेली किती हा तक्ता मागा. सदस्य या नात्याने तो तुम्हाला नाकारणार नाहीत. मग रात्री दहा वाजता सहज एक फेरी मारा आणि एका परिचारिकेकडे किती खाटा आहेत ते मोजा. मग अग्निसुरक्षेची तपासणी कधी झाली, तिच्यात सुचवलेले काम झाले की फाइलीत आहे, हे विचारा. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळे दगावली, आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात करोनाचा अतिदक्षता विभाग पेटला. दोन्ही वेळा कारवाई झालेल्यांत परिचारिकांचीही नावे होती. कोणाची चूक किती हे न्यायालय ठरवील. पण जिच्यावर वर्षभर फुले उधळली तिलाच आगीनंतर पहिल्या यादीत बसवायचे असेल, तर विजेच्या तारा किती भार पेलतील हे आधी तपासून घेण्याची जबाबदारी तिची नव्हती, एवढे तरी सभागृहात कोणीतरी बोलायला हवे. तुम्ही सदस्य आहात, पुढच्या बैठकीत हा विषय काढा. ठराव झाला तर त्याची प्रत या सदराकडे जरूर पाठवा.

प्रश्न : आमच्या बचत गटाला रुग्णालयातील कर्मचाऱ्यांसाठी महिन्यातून एकदा घरचे जेवण पाठवायचे आहे. काय आणि कधी पाठवावे?
(महिला बचत गट, नाशिक जिल्हा)

उत्तर : रात्रपाळीसाठी पाठवा, दिवसा येणारे पुष्कळ असतात. आठ वाजता पाळी बदलते, मग रुग्णांचा ताबा घेणे, इंजेक्शने आणि नोंदी यांत साडेदहा सहज वाजतात, तेव्हा डबे त्याच्या आत नेऊ नका. रस्साभाजी नको, उभ्याने खाता येईल असे द्या : दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, कांदा, आणि वेगळ्या डब्यात थोडा गूळ. डबे मोजताना सुरक्षारक्षक आणि १०८ चा चालक धरा, आणि दोन डबे जास्त ठेवा, कारण बाळंतिणीबरोबर आलेली एखादी आजी हमखास उपाशी असते.